राकरीतली आब्रिशा

माझ्या बापाच्या हाताला गुण आहे, असं वलगावात सगळे म्हणत. कोणाच्या मळ्यात संत्र्याची नवी बाग लावायची असली की पहिलं कलम त्याच्या हातून लावून घेत. पार अंजनगाव सुर्जीहून लोक दमणी जुंपून त्याला न्यायला येत. तो जायचा, चपला बांधावर काढायचा, खड्ड्यातली माती चिमटीत धरून हुंगायचा, कलम उभं करायचा आणि एक शब्द न बोलता हात धुवायचा. गर्व म्हणाल तर नव्हता. भरवसा मात्र होता, श्वास घेण्याइतका सहज. तो भरवसा माझ्यामुळे गेला.

मी तेव्हा पंचविशीच्या आत होते आणि अकोल्याहून कायमची माहेरी आले होते. नवरा तिथं कापसाच्या जीनमध्ये कामाला होता. आमचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांचा होऊन तापानं गेला, आणि त्यानंतर त्या घरात कोणी माझ्याशी बोलेना. सासू म्हणाली, हिची कूस अपशकुनी आहे. नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरी केली. बाप मला न्यायला आला तेव्हा त्यानं कोणाशी भांडण केलं नाही. माझी पेटी डोक्यावर घेतली आणि म्हणाला, "चाल बाई. मळ्यात हात कमीच हायेत."

आई माझी लवकर गेलेली. मळा काका पाहत असे, कारण बाप अमरावतीला कँपातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. साहेब लोक नागपूरहून यायचे, दोन-चार वर्षं राहायचे आणि जायचे. माळी मात्र तोच राहायचा. बंगल्याच्या मागं आम्हाला एक खोली होती. मी तिथं बापाची भाकर करायची, कुंड्या धुवायची, गवत काढायची.

त्या साली आलेल्या साहेबाची मडम चाळिशीची, उंच, हाडकुळी बाई होती. क्लबात फार जायची नाही. एका सकाळी ती हातात पाकीट घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर आली. पाकिटात चिमूटभर बी होतं, खसखशीपेक्षा थोडं मोठं. तिच्या मोडक्या हिंदीत तिनं बापाला सांगितलं ते असं. विलायतेत तिच्या आईच्या घराला दगडी कुसू आहे, आणि त्या कुसवावर हे झाड चटईसारखं पसरतं. थंडी सरली की पान दिसत नाही इतकं जांभळं फुलतं. बी आईनं स्वतः धरून पाठवलं होतं. टपाल इथं पोचायच्या आधी आई वारल्याची तार पोचली.

"इधर होगा, माली?" तिनं विचारलं.

बापानं पाकिटातलं एक बी नखावर घेऊन उन्हात धरलं. "होईन," तो म्हणाला. मग तिला कळावं म्हणून, "होगा, मडम."

त्याला नाही म्हणता येत नव्हतं असं नाही. गुलाबाच्या कितीतरी जाती त्यानं "इथं जमत नाई" म्हणून परत पाठवल्या होत्या. पण त्या दिवशी तो हो म्हणाला. खोलीवर आल्यावर मी विचारलं, "बा, कावून कबूल केलं? ते थंड मुलखातलं झाड."

"तिच्या मायचं बी हाय," तो म्हणाला.

त्या झाडाचं नाव मडम काहीतरी लांबलचक सांगायची. आमच्या तोंडात ते आब्रिशा झालं. आणि त्यासाठी बंगल्याच्या उत्तरेला जो दगडांचा उंचवटा रचायचा होता, त्याला ती राकरी म्हणे, म्हणून आम्हीही राकरी म्हणू लागलो. टेकडीवरून गाड्या भरभरून काळे दगड आणले. मडम टोपी घालून उभी राहायची, हा दगड इकडे, तो तिकडे, याचं तोंड खाली. गडी हसायचे. "मडम गोट्याची शेती करून राहिली," म्हणायचे. बाप हसत नव्हता. कुठल्या दगडाची सावली किती वाजता कुठं पडते, ते तो खुंट्या रोवून पाहत होता.

दसरा झाल्यावर त्यानं पसरट कुंड्यांत बी टाकलं. माती आपली काळी नव्हेच. वाळू, विटांचा चुरा आणि नाल्याच्या काठची चुनखडी कुटून, चाळून. मी म्हटलं, यात गवतही उगवायचं नाही. पण बारा-तेरा दिवसांनी हिरवी टिंबं दिसली. संक्रांतीनंतर एकवीस रोपं राकरीत गेली. शिमग्यापर्यंत त्यातली चांगली होती ती भाकरीएवढी पसरली. पानं बारीक, करडी-हिरवी, लव असलेली. हात फिरवला तर वासराच्या कानाला हात लावल्यासारखं वाटे. मडम रोज सकाळी तिथं गुडघे टेकून बसायची. चहा तिथंच मागवायची.

फूल मात्र नव्हतं. ती म्हणाली, पहिल्या वर्षी येत नाही, पुढच्या थंडीनंतर येईल. म्हणजे मध्ये आपला उन्हाळा होता, आणि त्याच्यामागून पाऊस.

पाडव्याच्या सुमारास पहिलं रोप गेलं. मध्यभागी रुपयाएवढा डाग पडला, तपकिरी. दुसऱ्या दिवशी तो तळव्याएवढा झाला, आणि चौथ्या दिवशी सगळी चटई उचलली तर हातात नुसता भुसा. मग एकामागून एक. बाप प्रत्येक मेलेलं रोप मुळासकट काढायचा, मूळ मोडून हुंगायचा आणि बाजूला ठेवायचा. मडमनं बंगल्यातल्या वाळ्याच्या ताट्या दिल्या. त्या सावलीसाठी बांधल्या, गोणपाटं बांधली, तरी रोपं जातच होती. तो जेवताना मध्येच थांबायचा, घास हातात तसाच.

एक दिवस तो खोलीवर आला तो डोळे मोठे करून. "उनानं मरून नाई राहिलं ते," म्हणाला. "पान्यानं मरून राहिलं. आपन वरून पानी घालतो, गोटा तापलेला रायते, तं पानी मुळाशी उकळते. शिजते ते झाड, बाई."

त्या दिवसापासून त्यानं वरून पाणी घालणं बंद केलं. कमी भाजलेलं, पाझरतं मडकं रोपापासून हातभर लांब गळ्यापर्यंत पुरलं आणि त्यात रोज सकाळी तांब्याभर पाणी. मडकं जेवढं पाझरेल तेवढंच मुळाला मिळेल. पानांवर थेंब नाही. माती वरून कोरडी ठणठणीत. पाहणाऱ्याला वाटावं, झाड टाकून दिलंय.

पण तोवर उशीर झाला होता. वैशाख लागला तेव्हा एकवीसातलं एक उरलं होतं. राकरीतल्या सगळ्यात मोठ्या दगडाच्या उत्तर अंगाला, ताटाएवढं. ते मात्र राहिलं. वैशाख सरला, जेठ निम्मा झाला, बाकीच्या बागेत कण्हेरसुद्धा मान टाकत होती आणि ते राहिलं. दुपारी पानं मिटून करडं व्हायचं, सकाळी पुन्हा उघडायचं. क्लबातल्या बायका बग्गीतून पाहायला आल्या. त्यांतल्या एकीनं बापाकडे बोट करून काहीतरी म्हटलं, आणि मडम हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बापाच्या चालण्यातही फरक पडला होता. तो माणूस कधी गाणं म्हणत नसे. त्या दिवसांत मी त्याला मोट हाकल्यासारखं काहीतरी गुणगुणताना ऐकलं.

मग भातकुलीहून निरोप आला की आत्या अखेरच्या घटका मोजते आहे, भावाचं नाव घेते आहे. बापाची ती एकच बहीण. निरोप घेऊन आलेला माणूस दारात उभा, आणि बाप राकरीकडे पाहत होता.

"बा, जा," मी म्हटलं. "मी हावो ना."

"उद्या सकाळी जातो. आज ताटी बदलाची हाय."

"आत्या वाट पाहून राहिली."

"ताटी बदलतो अन् निंघतो."

ताटी बदलायला दुपार झाली. निघताना त्यानं मला राकरीपाशी नेलं. "सकाळी मडक्यात एक तांब्या. बस. मंग कितीबी मेल्यावानी दिसू दे, पानी घालू नको. दिसते तसं नसते ते. ध्यानात ठेव, वरून पानी नाई."

"नाई घालत," मी म्हटलं.

दुसरा दिवस गेला तसाच. तिसऱ्या दिवशी ऊन असं होतं की विहिरीवरचा दोर हाताला चटका देत होता. वारा बंद. दुपारी मी ताटी ओली करायला गेले आणि झाड पाहिलं. नुसतं मिटलेलं नव्हतं. काठाची पानं वळली होती, चटई दगडावरून सुटून आल्यासारखी झाली होती. मी बोट लावलं तर ते गरम लागलं. तापल्या अंगासारखं.

इथं मला अकोल्याचं सांगावं लागेल. माझ्या मुलाला ताप होता तेव्हा वैद्यानं सांगितलं होतं, पाणी द्यायचं नाही, तापात पाणी म्हणजे विष. सासू माठाजवळ बसून राहिली. तो आधी मोठ्यानं मागायचा, मग हळू, मग नुसते ओठ हलवायचा. मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. माठ माझ्यापासून चार पावलांवर होता. मी उठले नाही. मोठ्यांचं ऐकावं, त्यांना कळतं, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याचे ओठही हलायचे थांबले.

त्या दुपारी राकरीपाशी मी काही विचार केला असं मला आठवत नाही. कळशी भरलेली होती ती मी उचलली आणि सगळी झाडावर ओतली. दगडानं चर्र केलं. मग दुसरी आणून तीही ओतली. पानांवरून, मुळाशी, सगळीकडे. पाणी मातीत जाताना बुडबुडे येत होते आणि मी "पी, पी" म्हणत होते. बंगल्याची दारं उन्हामुळे लावून घेतलेली होती. मला कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत झाड उठलं. पानं अशी ताजी झाली की मला वाटलं, पाण्याबाबत बापाचंच चुकत होतं. वरची माती तर तासाभरातच पुन्हा कोरडी पडली.

चौथ्या दिवशी सकाळी बाप आला. भातकुलीच्या वेशीवरच त्याला कळलं होतं की आत्या त्याच सांजेला, तो पोचायच्या थोडी आधी गेली. मातीला तेवढा हात लागला. चेहरा राखेसारखा झाला होता. कोणाशी बोलायच्या आधी तो राकरीपाशी गेला, माती चिमटीत धरून हुंगली आणि मग झाडाकडे पाहून उकिडवा बसला. झाड हिरवंगार होतं. त्यानं दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. माझ्याकडे वळून म्हणाला, "चांगलं ठेवलं, बाई." डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. ते आत्यासाठी होतं की झाडासाठी, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मध्यभागी डाग पडला.

तीन दिवसांत सगळं झालं. बाप त्याच्यापाशी बसून होता. शेवटी त्यानं चटई उचलली. खाली मुळं काळी, बुळबुळीत. त्यानं ती हुंगली नाही. आपल्या दोन्ही हातांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सुतकाचे हात घेऊन आलो मी. तसाच हात लावला. बहिनीले एका ताटीसाठी थांबवलं, अन् तेच हात झाडाले लावले."

मी समोर उभी होते. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी बोलले ते असं, "बा, असं काई नसते."

"असते," तो म्हणाला.

मडम रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती बराच वेळ दगडांपाशी उभी राहिली. बापानं हात जोडून विचारलं, अजून बी असेल तर यंदा पुन्हा लावतो. तिनं मान हलवली. "और नहीं है, माली. माँ का उतना ही था." मग पाऊस लागला. पाऊस संपायच्या आत साहेबाची बदली झाली आणि ती दोघं गेली. जाताना ती राकरीकडे गेली नाही, गाडीत बसूनही तिकडे पाहिलं नाही.

नव्या साहेबानं राकरी मोडून दगड तबेल्याच्या फरशीला वापरले. बापानं नोकरी सोडली होती. आम्ही वलगावला आलो.

मला वाटलं होतं, मळ्यात आल्यावर तो सावरेल. त्यानं लावणं सोडून दिलं. मोट हाकायचा, आळी करायचा, निंदायचा, शेणखत वाहायचा, पण रोप किंवा बी हातात घ्यायचा नाही. वांग्याची रोपं लावायची वेळ आली की तो विहिरीकडे निघून जायचा. अंजनगावचा एक बागवाला दमणी घेऊन आला तेव्हा बापानं हात धोतराच्या सोग्याखाली घेतले आणि सांगितलं, "माह्या हातचं नका लावू. मरते." त्या माणसाला वाटलं, म्हातारा विनय करतो आहे. बापानं तीनदा सांगितलं. चौथ्या वेळी तो माणूस उठला आणि दमणी रिकामी परत गेली. अशी गोष्ट गावात राहत नाही. पुढं कोणी बोलवायला आलं नाही. बाया सुनांच्या कानात सांगू लागल्या की त्याच्यासमोर कांद्याचा गड्डासुद्धा लावू नका.

मी कावून बोलले नाही? पहिले काही दिवस भीतीनं. त्यानं मला कधी मारलं नव्हतं, पण त्याच्या डोळ्यांत मी काय पाहीन याची भीती. मग लाजेनं. नंतर प्रत्येक महिन्यागणिक ते अधिक कठीण होत गेलं, कारण आता झाडाबद्दल सांगायचं नव्हतं, गप्प बसल्याबद्दल सांगायचं होतं. मी मनाला समजावायची की ते झाड तसंही पावसात गेलंच असतं. कदाचित गेलं असतं. कोणाला माहीत आहे? पण ते पावसानं गेलं असतं तर बापानं पावसाला शिव्या घातल्या असत्या आणि पुढच्या हंगामात वांगी लावली असती.

एकदा मोटेवर मी सुरुवात केली होती. "बा, तू भातकुलीले गेल्ता तवा..." त्यानं बैलांना हाळी दिली आणि म्हणाला, "तो दिवस नको काढू, माय." मीही लगेच थांबले. थांबायला कारण मिळालं म्हणून मला हलकं वाटलं होतं, हेही इथं लिहून ठेवते.

अशी सहा-सात वर्षं गेली. मग एका सकाळी तो गोठ्यात पडलेला सापडला. उजवं अंग गेलं होतं. बोलणं जड झालं, पण कळायचं. मी त्याला भरवायची. तो आपला मेलेला उजवा हात डाव्या हातानं उचलून पोटावर ठेवायचा आणि त्याच्याकडे पाहायचा. एका दुपारी म्हणाला, "याले उशिरानं कळलं. तवाच जायला पायजे होता."

तेव्हा मी सांगितलं. खाटेच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. कळशी, दुसरी कळशी, दगडानं चर्र केलं ते, पोराचे ओठ, माठ. मी रडत नव्हते. मी म्हटलं, "तुहा हात नव्हता, बा. मी मारलं ते. तुह्या हातानं तं ते जगलं होतं."

तो ऐकत होता. मग त्याच्या तोंडाची चालती बाजू थोडी हलली. तो हसला होता.

"माही लेक हायेस," तो म्हणाला. "मले बरं वाटावं म्हनून बोलून राहिली."

"नाई बा, तुही शपथ."

"शपथ नको घेऊ. म्या आल्या आल्या माती पाह्यली होती, बाई. हुंगली होती. कोरडी होती. पानी पडलं असतं तं मले समजलं नसतं काय?"

वरची माती तासाभरात वाळली होती, हे मला सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण त्याच्या डोळ्यांत मी पाहिलं तर तिथं, इतक्या वर्षांनी, थोडासा भरवसा होता. हातावरचा गेला होता. नाकावरचा उरला होता. मातीचा वास आपल्याला कळतो, एवढं त्याच्याजवळ शिल्लक होतं. माझं खरं मानायचं तर तेही सोडून द्यावं लागलं असतं.

"समजलं असतं, बा," मी म्हटलं.

"मंग?" तो म्हणाला, आणि डोळे मिटले.

पुढच्या महिन्यात तो गेला. मळा काकाच्या लेकांनी वाटून घेतला. एका बाजूला आता संत्र्याची झाडं आहेत, चांगली धरतात. मी तिथं खुरपते, झेंडू तोडते, अमरावतीच्या बाजाराला हार गुंफून देते. लावणीच्या दिवशी मला कोणी बोलवत नाही. मीही जात नाही.